चाल वं, चंपे

कोराडीच्या कॉलनीत गोविंदा भोयरला गोविंदा म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही. कोणी मेजरसाब म्हणायचं, कोणी कारगिलवाले काका, आणि टपरीवरचा चहावाला तर नुसतं 'जयहिंद' म्हणून कप पुढे सरकवायचा. खरं तर गोविंदा फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेला. नाईक कुठे आणि मेजर कुठे, हे त्यानं सुरुवातीला दोनचार जणांना समजावून पाहिलं. पण आमच्याकडच्या माणसानं एकदा कोणाला प्रेमानं मोठं करायचं ठरवलं की ते त्याच्या बापालाही थांबवता येत नाही. मग गोविंदानंही नाद सोडला.

टपरीवर रोज सकाळी रामाजी बसलेले असायचे. रामाजी म्हणजे कोराडीच्या वीज प्लांटमध्ये जन्मभर क्रेन चालवून घरी बसलेला माणूस, पण युद्धाचा शौक भारी. जगात कुठेही लढाई लागो, रामाजी पाव बिस्किट संपायच्या आधी तिचा निकाल सांगून मोकळे. गोविंदा दिसला की ते बाकावर सरकून जागा करायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "मेजर, आज खरं सांगा गा. किती उडवले?"

गोविंदा चहावर फुंकर मारत म्हणायचा, "मोजले नाही बुवा."

आता हे अगदी अक्षरशः खरं होतं. मोजायला एक तरी लागतो की नाही! पण रामाजींच्या कानात शिरेपर्यंत 'मोजले नाही'चं 'मोजता आले नाही' होऊन जायचं, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीत आकडा वाढलेला असायचा. गोविंदानं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. खोटं सगळं कॉलनीनंच त्याच्या वतीनं सांगून ठेवलं होतं.

खरी गोष्ट अशी की गोविंदा फौजेत ड्रायव्हर होता. आणि ट्रकचा नाही, खेचराचा. हसू नका, फौजेत खेचराची दोरी धरणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. या एका शब्दापायी त्याच्या सासऱ्याची काय फजिती झाली होती! गोविंदाचं गाव पारशिवनीजवळ. मध्यस्थानं जाऊन सांगितलं, "पोरगा मिल्ट्रीत ड्रायव्हर आहे." कौशल्याच्या बापानं मनातल्या मनात मोठा हिरवा ट्रक पाहिला आणि सुपारी फोडली. पुढे दिवाळसणाला जावई आले, तेव्हा त्यांनी सगळ्या आळीसमोर त्याला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपाशी नेलं. "जावईबुवा, घ्या एक चक्कर!" जावईबुवांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टरच्या नाकाडावर प्रेमानं थोपटलं. त्यांना तेवढंच येत होतं.

तर अशा या ड्रायव्हरची गाडी म्हणजे चंपी. फौजेत खेचराला नाव नसतं, खुरावर नंबर असतो. चंपी हे नाव गोविंदानं ठेवलेलं. रंगानं काळपट, एक कान कायमचा पडलेला, आणि स्वभावानं अशी अडेल की साहेब लोकसुद्धा तिला वळसा घालून जायचे. हिंदीत 'चल' म्हटलं की ती डोळे मिटून घ्यायची. चुचकारलं तरी ढिम्म, ओरडलं तरी ढिम्म. एक दिवस वैतागून गोविंदाच्या तोंडून घरचं निघालं, "चाल वं माय, काहून जीव खाऊन राह्यली?"

आणि चंपी निघाली!

तेव्हापासून तिची तीच भाषा. आपल्याकडे बाईमाणसाला 'वं' म्हणतात आणि बाप्याला 'गा', हे त्या खेचराला कसं कळलं देव जाणे, पण 'वं' लावल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. गोविंदा रजेवर गेला की गढवालचा एक पोरगा तिला सांभाळायचा. तो बिचारा रोज सकाळी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्या कष्टानं म्हणायचा, "चाऽल वंऽ, चंपे." बाकीची पलटण पोट धरून हसायची, चंपी मात्र मान हलवून चालू लागायची.

मग कारगिल झालं. त्यानंतर गोविंदा घरी आला तो वाळून काडी झालेला. जेवला की दुपारी आडवा व्हायचा आणि झोपेत बडबडायचा, "चाल वं, चंपे... चाल माय... थोडंसंच राह्यलं." कौशल्याच्या हातातलं सूप खाली पडलं. नवरा खेचरं हाकतो हे तिला माहीत होतं, पण खेचराला कोणी चंपी म्हणत असेल हे तिच्या बापजन्मी डोक्यात आलं नसतं. तिनं अबोला धरला. भाजीत मीठ घालेना. शेवटी ट्रंक भरून माहेरी निघाली, तेव्हा गोविंदानं तिला उंबऱ्यात बसवून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता कौशल्या आधी खो खो हसली आणि मग डोळ्याला पदर लावून हमसून हमसून रडली. त्या दिवसापासून घरात चंपीचं नाव पडलं, 'माही सवत'.

पुढे मेडल आलं. तांबूस रंगाचा तारा, वर रंगीत फीत, कडेला गोविंदाचा नंबर आणि नाव कोरलेलं. हे काही शौर्याचं मेडल नव्हे. त्या लढाईच्या मुलखात जो जो होता, त्याला त्याला मिळालेलं, मग तो गोळी झाडणारा असो की भाजी चिरणारा. गोविंदानं ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि बिस्किटाच्या डब्यात घालून कपाटात टाकलं. कधी छातीला लावलं नाही. लावायला घेतलं की त्याला चंपीचा पडका कान दिसायचा आणि हात थांबायचा.

इतकी वर्षं हे असंच निभलं. फौजेनंतर गोविंदानं प्लांटच्या गेटवर वॉचमनकी केली, मुलगा ऋषी तिथेच नोकरीला लागला, सून आली, नात झाली. सुनेनं नातीचं नाव ठेवलं आर्वी. "अवं, आर्वी त वर्ध्याकडलं गाव आहे! उद्या दुसरी झाली त काय हिंगणघाट ठेवसान?" असं गोविंदा बारशातच बोलून गेला होता. पण आता सात वर्षांची ती पोट्टी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

सगळा घोटाळा यंदाच्या तान्ह्या पोळ्याला झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. पोट्टे लाकडाचे चाकवाले नंदी सजवून ओढत आणतात, बाया त्या नंदीच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात आणि लेकरांच्या हातावर बोजारा म्हणजे खाऊ-पैसे ठेवतात. कॉलनीच्या मैदानात स्पर्धा असते. तिचं सगळं विक्कीकडे. विक्की म्हणजे समितीचा अध्यक्षही तोच, सचिवही तोच, आणि मंडपवाल्याशी भांडायला जाणाराही तोच. यंदा बक्षिसं मेजरसाबच्या हातून द्यायची असं त्यानं परस्पर ठरवलं आणि गेटवर हा भलामोठा बॅनर ठोकला: 'कारगिलचे वाघ, वीरपदक विजेते मेजर गोविंदाजी भोयर यांच्या शुभहस्ते'. खाली गोविंदाचं तोंड, आणि तोंडाखाली बंदूक धरलेले दंड असे की एकेक दंड म्हणजे गोविंदाची मांडी.

गोविंदा बॅनरखाली बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "विक्की, तोंड माहं आहे. हात कोणाचे आहेत बे?"

"नेटवरून घेतले काका. तुमच्या फोटोत हातात दळणाचा डबा होता ना."

"अन् हे वीरपदक कुठून आणलं?"

"तुमच्यापाशी मेडल आहे ना? मंग! उद्या छातीवर लावूनच या. अन् एखादा बंकरवाला किस्सा सांगा, पोट्ट्यायले मजा येते."

टपरीवर 'मोजले नाही' म्हणून निभावून नेणं वेगळं, आणि सगळ्या कॉलनीसमोर छातीवर मेडल लावून माइकमध्ये बोलणं वेगळं. खरं सांगावं तर मेजरसाब एका क्षणात खेचरवाला होणार, पोट्टे मागून ढेंच्यू ढेंच्यू करणार, चहावाला जयहिंद म्हणणार की नाही कोण जाणे. आणि खरं न सांगावं तर चंपीच्या नावावर पाणी सोडून तिचं मेडल आपल्या छातीवर मिरवायचं. त्या दिवशी जेवताना त्यानं पुरणपोळीला नाही म्हटलं, तेव्हाच कौशल्यानं ओळखलं.

"जीवाले काहून लावून घेता? सांगून टाका ना," ती म्हणाली.

"तुले काय जाते सांगाले! इज्जत माही जाईन."

"बरं बावा," म्हणून कौशल्या उठली आणि आर्वीला घेऊन आतल्या खोलीत शिलाई मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी गोविंदानं कपाट उघडलं, तर डब्यात मेडल नाही. त्यानं कप्पे काढले, गाद्या झटकल्या, देवघरातसुद्धा पाहिलं. कौशल्या करंज्या तळत होती. "मले काय माहीत? तुमचं तुम्ही ठेवलं होतं," ती कढईकडे बघूनच म्हणाली. खरं सांगायचं तर गोविंदाला आतून जरा बरंच वाटलं. मेडल नाही तर भाषणही नाही! पण तेवढ्यात विक्की मोटारसायकल घेऊन दारात हजर. "मेडल हरपलं? काही टेन्शन नाही काका, तुम्ही चला, मेडल आहे समजून टाळ्या वाजवतेत लोकं." आणि गोविंदाला मागे बसवून घेऊनही गेला.

मैदानात जत्रा भरली होती. प्लांटच्या चिमणीचा धूर वर, लेकरांचा कल्ला खाली. एकेक नंदी असा सजवलेला की खऱ्या बैलानं लाजावं. साहिल नावाच्या पोराच्या नंदीला तर रंगीत दिवे, खाली मोटार आणि बटण दाबलं की शिंगांतून भोंगा. रामाजी पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसलेले. त्यांनी लांबूनच दोन बोटं कपाळाला लावली. गोविंदा स्टेजवरच्या सोफ्यात अंग चोरून बसला.

रांगेच्या शेवटी आर्वी आली. तिचा नंदी लहानसा, गावच्या सुताराकडून गोविंदानंच करून आणलेला. पण आज त्याला शिंगं दिसत नव्हती. शिंगांवर कोणीतरी काळ्या कापडाचे लांब लांब कान शिवून चढवले होते. एक कान उभा. दुसरा पडलेला.

"अरे, ह्या पोट्टीनं गाढव आणलं!" कोणीतरी ओरडलं आणि मैदान हसलं. आर्वीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरी खांद्यावर घेऊन ती मागे वळली आणि नंदीला म्हणाली, "चाल वं, चंपे."

सोफ्यात अंग चोरून बसलेला गोविंदा कडेला सरकून पुढे वाकला.

विक्की माइक घेऊन खाली वाकला. "बेटा आर्वी, नंदी बैल राह्यते ना? त्याले 'वं' नाही म्हणत. 'चाल गा' म्हण."

"हा बैल नाहीच आहे," आर्वी ठसक्यात म्हणाली. माइक समोरच असल्यामुळे ते सगळ्या कोराडीला ऐकू गेलं. "ही चंपी आहे. आजोबाची. आजोबा झोपेत तिले हाका मारते."

खसखस पिकली. रामाजींनी मान मागे फिरवून विचारलं, "चंपी? हे कोण आता?" आणि तेवढ्यात विक्कीची नजर नंदीच्या गळ्याकडे गेली. रंगीत फितीत ओवलेला तांबूस तारा तिथे लटकत होता. "अरे बापा! हे त मेजरसाबचं मेडल! नंदीच्या गळ्यात घातलं हो लेकरानं! काका, चुकलं पोरीचं, थांबा, काढून आणतो..."

"आजीनं दिलं," आर्वी म्हणाली.

गोविंदानं गर्दीत पाहिलं. बायांच्या घोळक्यात कौशल्या पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिनं नजर चुकवली नाही. विक्कीनं गाठ सोडायला हात घातला आणि सोफ्यातून गोविंदा असा उठला की सोफा मागे सरकला.

"विक्की! हात नको लावू त्याले."

त्यानं खाली येऊन माइक घेतला.

"मंडळी, बॅनरवरले हात माहे नाहीत. माह्या हातात बंदूक कमी अन् दोर जास्त होता. मी खेचराचा ड्रायव्हर. जिथं ट्रक जात नाही तिथं आम्ही जात होतो. पाणी, रोट्या, रॉकेल, गोळ्यायच्या पेट्या. हे मेडल शौर्याचं नाही. तिथं होते त्या सगळ्यायले भेटलं, स्वयंपाक्याले, न्हाव्याले, मले. जिले भेटाले पाहिजे होतं तिले नाही भेटलं."

साहिलनं भोंग्याचं बटण सोडलं.

"त्या दुपारी धुकं होतं. वर पोरं पेट्यायची वाट पाहून राह्यले होते. एका वळणावर ही बाई अडली. चाल वं, चंपे म्हटलं. नाही. पहिल्यांदाच 'वं' म्हणूनही नाही. मी मागं फिरलो, चांगल्या दोन शिव्या देतो म्हटलं. अन् पुढं गोळा पडला. मी मागं फिरलो नसतो त तिथंच खपलो असतो. त्याचा एक तुकडा हिच्या पोटात गेला. मी ओझं उतरवाले लागलो त ही आपली चालाले लागली. मी काहीच म्हटलं नव्हतं! वरपर्यंत गेली. पोरायनं पेट्या उतरवल्या. मंग बसली खाली. मी लय म्हटलं, चाल वं... चाल वं माय..."

त्याची नजर नंदीच्या पडक्या कानावर गेली.

"मग?" आर्वीनं विचारलं.

"मग काय बेटा. मी नुसता दोर घेऊन खाली आलो."

गोविंदानं माइक खाली केला. आता होऊन जाऊ दे काय व्हायचं ते, कोणी ढेंच्यू केलं तर केलं. सगळ्यांच्या नजरा रामाजींकडे गेल्या, कारण युद्धाच्या बाबतीत कॉलनीत शेवटचा शब्द त्यांचा. रामाजी डोकं खाजवत खुर्चीतून उठले.

"म्हणजे मेजर, तुम्ही एकही...?"

"मोजले नाही म्हणत होतो ना रामाजी."

बंदुकीतलं रामाजींना खरं तर काही कळत नव्हतं, पण जन्मभर क्रेनवर बसलेल्या माणसाला ओझं कळतं. ते नंदीजवळ आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वजन किती नेत होती ही?"

"सिमेंटचं दीड पोतं समजा."

"चढावर?"

"नुसत्या चढावर. अन् हवा अशी का रिकाम्या माणसाले धाप लागते."

"मायबाप!" रामाजी म्हणाले. "पोटात तुकडा घेऊन दीड पोतं चढावर! माही क्रेनसुद्धा बसून गेली असती. विक्की, अबे उभा काय राह्यला? मेडल बराबर जागी आहे, राहू दे."

मग टाळ्या पडल्या की नाही, ते गोविंदाला आठवत नाही. विक्कीनं डोळे पुसत पुसत बॅनरवरचे हात उद्याच बदलतो असं माइकवर जाहीर केलं, हे मात्र खरं. पहिलं बक्षीस गोविंदानं साहिललाच दिलं, कारण नंदी त्याचाच भारी होता. त्यापायी आर्वीनं आजोबांशी कट्टी घेतली, पण ती दुसऱ्या दिवशी.

त्या वेळी मात्र बायांतून वाट काढत कौशल्या पुढे आली. तिनं ताट खाली ठेवलं आणि तांब्यातलं पाणी त्या लाकडी पायांवर धीरे धीरे ओतलं. एवढी वर्षं जिचं नाव काढून तिनं नवऱ्याला चिडवलं होतं, तिच्यासमोर ती आज पहिल्यांदाच बसली होती. दोन काळ्या कानांच्या मधोमध तिनं कुंकवाचं बोट टेकवलं, मग पडका कान नीट केला. तो पुन्हा पडला.

"घे वं सवती," ती म्हणाली आणि गुळाचा खडा लाकडी तोंडाला लावला. "तुह्यापायी माहं कुंकू राह्यलं. मी तुले कधी पाह्यलंही नाही."

गोविंदाच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. आर्वीला हे मोठ्यांचं रडणं काही पसंत पडलं नाही. तिला अजून घरोघरी बोजारा मागायला जायचं होतं. तिनं नंदीची दोरी आजोबांच्या हातात कोंबली.

"चला ना आजोबा. तुम्ही म्हटलं तरच ती चालते."

गोविंदानं दोरी घट्ट धरली.

"चाल वं, चंपे," तो म्हणाला. मातीत रुतलेली चाकं जरा कुरकुरली, आणि चंपी निघाली.